मांसाविना स्टेक : तव्यावर आणि धंद्यात

आम्ही कापडाचे व्यापारी. आम्ही तवा-कढईवर लिहावे हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु कॅम्प, भवानी पेठ, नाना पेठ, कोंढवा या भागांत आपले अनेक बांधव हॉटेल, खानावळ आणि लग्नाच्या देगांचा धंदा करतात, आणि त्यांच्याकडून गेली काही वर्षे एकच सवाल आमच्या कानावर येतो. शंभर माणसांच्या पार्टीची ऑर्डर येते, त्यात बरीच मंडळी शाकाहारी निघतात, त्यांच्यापुढे ठेवायचे काय? पनीर ठेवले की जबाबदारी संपली, असे आपण आजवर मानत आलो. आता खराडी-हिंजवडीच्या कंपन्यांतली तरुण मंडळी ‘प्लांट बेस्ड स्टेक’ मागतात, आणि त्यांच्यात दूध-पनीरही न खाणारे असतात. अशा वेळी आपला माणूस एक तर ऑर्डर सोडून देतो, नाही तर आलूची टिक्की चपटी करून तिलाच स्टेक म्हणतो. दोन्ही गोष्टी धंद्याला मारक आहेत.

स्टेक म्हणजे मुळात मांसाचा एक जाड, अखंड काप. तो कडक तापलेल्या तव्यावर किंवा विस्तवावर भाजतात, बाहेरून खरपूस व आतून रसदार. पश्चिमेकडे तो बहुतेक गोमांसाचा असतो. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली आणि २०१५ पासून बैल व वळूंनाही ती लागू झाली. तेव्हा इथल्या हॉटेलांत स्टेकच्या नावाखाली म्हशीचे मांस, कोंबडी किंवा मासळी असते. पुण्याला हा पदार्थ ‘सिझलर’च्या रूपाने अधिक माहीत आहे. १९६० च्या दशकात मुंबईत इराणी मंडळींनी तो रुजवला, आणि पुण्यात मोलेदिना रोडवरच्या ‘द प्लेस : टूशे द सिझलर’ने तो जुन्या पुणेकरांच्या जिभेवर बसवला. चरचरणारी बिडाची थाळी, खाली कोबीची पाने, वर काप, बाजूला बटाट्याचे चिप्स आणि उकडलेल्या भाज्या. शाकाहारी गिऱ्हाइकाला मात्र त्याच थाळीत भाज्यांचे कटलेट मिळत आले. थाळीचा थाट तोच, परंतु मधला माल हलका.

मग मधला माल भारी कसा करायचा? इथे आम्हाला आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मांसाची नक्कल करणारा वनस्पतीचा माल हा एका अर्थी कापडाच्या कारखान्यातूनच निघाला आहे. अमेरिकेत मोटारवाले हेन्री फोर्ड यांच्याकडे रॉबर्ट बॉयर नावाचे रसायनतज्ज्ञ होते. ते सोयाबीनच्या प्रथिनापासून धागा काढण्याच्या खटपटीत होते, आणि १९४१ मध्ये फोर्डसाहेबांनी सोयाबीनचा धागा मिसळलेल्या कापडाचा सूटही घालून दाखवला. कापड म्हणून तो धागा बाजारात टिकला नाही. परंतु पुढे बॉयर यांच्या ध्यानात आले की, जो धागा नेसता येतो तो खाताही येईल. १९५४ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. रीत थेट रेयॉनसारखी : प्रथिन क्षारात विरघळवायचे, बारीक छिद्रांतून आम्लाच्या हौदात सोडायचे, तिथे त्याचा तंतू होतो. तंतूंची जुडी बांधली की दाताखाली मांसासारखी लागते. आज आपल्या दुकानात मिळणारी सोयावडी याहून सोप्या रीतीने बनते. तेल काढलेल्या सोयाबीनचे पीठ यंत्रात दाब व उष्णता देऊन साच्यातून बाहेर ढकलतात, ते फुगते आणि त्यात रेषा पडतात. मांसात जो ताणा असतो तोच इथे यंत्राने उभा केला जातो. आपल्या मराठवाड्यात लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी मशहूर आहे, आणि त्याच लातूरच्या देशमुख घराण्यातले अभिनेते रितेश व त्यांच्या पत्नी जेनेलिया यांनी २०२१ मध्ये ‘इमॅजिन मीट्स’ नावाने वनस्पतीपासूनचे तयार कबाब-कीमा बाजारात आणले, हा योगायोग आम्हाला मोठा गमतीचा वाटतो.

तयार गोठवलेला माल महाग पडतो. छोट्या हॉटेलवाल्याने स्वतः हात चालवावा, असे आमचे मत आहे. मंडईत व मार्केट यार्डात मिळणाऱ्या जिनसांत स्टेकला सर्वांत लायक आमच्या मते सुरण. तो अखंड कापता येतो, शिजला तरी मोडत नाही आणि भाजला की त्यावर उत्तम खरपूस रंग चढतो. सोलताना हाताला तेल लावावे किंवा हातमोजे घालावेत, कारण त्यातले सुईसारखे बारीक स्फटिक हाताला व घशाला खाजवतात. बोटभर जाडीचे, तळहाताएवढे काप करावेत. पाण्यात मीठ आणि मूठभर आमसुले किंवा चिंचेचा कोळ घालून काप दहा-बारा मिनिटे उकडावेत. सुरी आत शिरावी, परंतु थोडा विरोध लागावा. ही आंबट उकड कोकणी गृहिणीला शिकवावी लागत नाही, हॉटेलच्या वस्तादाला मात्र वारंवार सांगावी लागते. ती चुकली तर गिऱ्हाइकाचा घसा खवखवतो आणि ते पुन्हा येत नाही.

उकडलेले काप कापडावर पसरून अगदी कोरडे करावेत. या पायरीला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो. पाणी शंभर अंशांवर उकळते, तर खरपूस रंग व वास यायला पृष्ठभाग त्याहून बराच तापावा लागतो. काप ओला असेल तर तो तव्यावर भाजत नाही, आपल्याच वाफेत शिजतो आणि पांढरट राहतो. कोरड्या कापाला आले-लसूण, जाडसर कुटलेली मिरी, मोहरीची पूड, थोडा व्हिनेगर व तेल चोळून तासभर ठेवावे. मग बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवून काप ठेवावा आणि तीन-चार मिनिटे त्याला हात लावू नये. आपल्या स्वयंपाक्यांना उलटण्याची फार घाई असते. एकदाच उलटावे.

दुसरा लायक माल म्हणजे धिंगरी अळंबी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीवर संशोधन व प्रशिक्षणाचे काम चालते, त्यामुळे या भागात ती पिकवणारे आहेत आणि ताजा माल मिळतो. धिंगरीचा घोस सुटा न करता तसाच तापल्या तव्यावर ठेवावा आणि वर दुसरा जड तवा दाबावा. पाणी सुटून आटते, घोस चपटा व घट्ट होतो. मग मसाला लावून पुन्हा दाबून भाजावे. दोन-तीन वेळा असे केले की एक सलग, रेषेदार काप तयार होतो, आणि नवा खाणारा विचारतो की हे आहे काय? फक्त एवढे लक्षात ठेवावे की, अळंबी आटून फार कमी होते. कच्च्या वजनावर भाव ठरवणारा फसतो.

सोयाचे स्टेक करायचे तर शामी कबाबची रीत आपल्या घरात आहेच. सोयाचे दाणे गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळावेत. पिळण्यात कसूर झाली तर सोयाचा कच्चा वास राहतो. त्यात उकडून वाटलेली चण्याची डाळ, तळलेला कांदा, गरम मसाला व थोडे बेसन घालून जाड वडी थापावी. ती आधी पंधरा-वीस मिनिटे वाफवून थंड करावी आणि मगच तव्यावर टाकावी. थेट तव्यावर टाकली तर फुटते. शामी कबाबमध्ये आपण अंडे बांधणीला घालतो, ते इथे चालणार नाही. अंडे आपल्याकडे कायद्यानेही मांसाहारात धरले जाते.

फणसाचे नाव सगळे घेतात. कोवळा फणस कीमा, कोफ्ता व बिर्याणीला बेशक उत्तम आहे. परंतु त्याचे तंतू सुटे होतात, अखंड काप टिकत नाही, आणि प्रथिन म्हणाल तर सोयाच्या मानाने अगदी थोडे. स्टेकसाठी आम्ही त्याची शिफारस करत नाही.

आता शेजारी काय वाढावे. इथे बहुतेक हॉटेलांत डोळे मिटून काम चालते. मांसाच्या स्टेकबरोबर चिप्स व मॅश केलेला बटाटा शोभतो, कारण मांसात चरबी व रस असतो आणि बटाटा तो टिपून घेतो. तेच चिप्स सुरणाशेजारी ठेवले तर पिठूळाशेजारी पिठूळ. खाणाऱ्याला चार घासांत कंटाळा येतो. सुरणाबरोबर रसदार, कोवळे किंवा आंबट काही हवे : तव्यावर परतलेली फरसबी, भाजलेला टोमॅटो, ढोबळी मिरची, कच्च्या कांद्याचे व्हिनेगरमधले काप, लिंबाची फोड. सोयाच्या वडीचे उलट आहे. ती कोरडी व प्रथिनाची, म्हणून तिला मऊ बटाटा, लोण्याऐवजी तेलात परतलेला भात आणि भरपूर रस्सा लागतो. धिंगरीला पाव उत्तम. कॅम्पातल्या बेकरीचा कडक पाव भाजून दिला तर दुसरे फारसे काही लागत नाही. मात्र तो दूध-लोण्याविना बनलेला आहे की नाही हे बेकरीवाल्याला विचारून घ्यावे.

वरच्या रश्शाकडे, म्हणजे सॉसकडे, विशेष लक्ष द्यावे. खरी गफलत तिथे होते. स्टेक सुरणाचे आणि मिरीचा सॉस मात्र कोंबडीच्या हाडांच्या अर्काचा, असे प्रकार घडतात. वूस्टर सॉसच्या मूळ कृतीत मासळी असते. शाकाहारी सॉससाठी कांदा गडद तपकिरी होईपर्यंत परतावा, त्यात अळंबीचे देठ, गाजर, मिरी व पाणी घालून अर्धा तास उकळून गाळावे. या अर्कात दम असतो. दूध न खाणाऱ्यांसाठी मलईऐवजी भिजवलेल्या काजूची पेस्ट घालावी.

आपल्या वाचकांसाठी याची दुसरी बाजूही आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका मालात मांस, मासळी, अंडे नाही एवढेच सांगतो. दारू धान्यापासून व द्राक्षापासूनच बनते, तेव्हा सॉसमध्ये वाइन आहे की नाही ते या ठिपक्यावरून कळत नाही. घटकांची बारीक अक्षरे वाचावीच लागतात. दुधाचे पदार्थही हिरव्या ठिपक्यात बसतात, म्हणून दूधविरहित मालासाठी २०२२ च्या नियमांनी वेगळी ‘व्हेगन’ खूण आली. पत्रकावर ‘व्हेगन’ लिहिण्याआधी तव्याला लोणी लागलेले नाही याची खात्री करावी.

नावाचा प्रश्नही लोक विचारतात. मांस नाही तर स्टेक का म्हणावे? फ्रान्स सरकारने अशा नावांना बंदी घातली, तेव्हा प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेले. त्या त्या नावाची कायदेशीर व्याख्या केलेली नसेल तर केवळ माल वनस्पतीचा आहे म्हणून नेहमीची नावे रोखता येणार नाहीत, असे ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरले. आमच्या पेठेत आर्ट सिल्कला सिल्क म्हणून विकणारे पुष्कळ पाहिले. आर्ट सिल्क हा वाईट माल नव्हता, गिऱ्हाइक बिथरले ते लपवण्याने. तेव्हा पत्रकावर साफ ‘सुरणाचे स्टेक’, ‘धिंगरीचे स्टेक’ असे छापावे. त्यात भाव कमी होत नाही.

तवा, उलटणे, तेल व चिमटा शाकाहारी कामासाठी वेगळे ठेवावेत, आणि ते गिऱ्हाइकाला दिसतील असे ठेवावेत. शाकाहारी माणूस आपल्या हॉटेलात विश्वासाने बसतो तेव्हा तो एक अमानत सोपवत असतो. वेगळ्या तव्याचा खर्च एकदाच होतो. तो घेतला नाही तर अशा घरांच्या पार्टीची ऑर्डर एकदा मिळेल, पुन्हा मिळणार नाही.

हिशेब असा. किलोभर सुरणातून साल व कडा गेल्यावर साधारण दीडशे ग्रॅमचे पाच काप निघतात. सोयाचा कोरडा माल भिजून तिप्पट वजनाच्या आसपास जातो. दोन्हींचा कच्चा खर्च मांसाच्या कापाहून फार कमी आहे. खरा खर्च मजुरीचा व इंधनाचा. सुरण आदल्या रात्री उकडून, कोरडा करून शीतकपाटात ठेवता येतो, म्हणजे ऐन गर्दीत एका प्लेटला सात-आठ मिनिटांवर वेळ लागत नाही. अळंबी मात्र त्याच दिवशी आणावी.

यात कारागिरांनाही काम आहे. बिडाच्या थाळ्या व त्यांचे लाकडी पाट हॉटेलवाले तयार घेतात, आणि पाट वर्षभरात जळून काळे पडतात. पाट थाळीच्या मापाला नेमका खोदलेला हवा. तो सैल असेल तर वाढताना थाळी सरकते आणि वाढप्याचा हात भाजतो. नवी बिडाची थाळी आधी धुऊन, पुसून, तेलाचा पातळ हात देऊन तीन-चार वेळा तापवावी, तेव्हा ती चिकटायची थांबते. गरम थाळीवर थंड पाणी कधीही ओतू नये, तडा जातो. चरचर आवाज हवा असेल तर कोबीच्या पानांवर चमचाभर तेल-पाणी सोडावे, तेही थाळी मेजाजवळ नेताना.