भिंतीला चिकटलेली किरणोत्सारी धूळ सोलून कशी काढतात?

भंगारात आलेल्या एका जुन्या यंत्रातून निळसर चमकणारी पावडर निघाली. दिसायला इतकी छान, की लोकांनी ती घरी नेली, अंगाला चोळली, नातेवाइकांना वाटली. ब्राझीलमधल्या गोइयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये घडलेली ही घटना. यंत्र होतं बंद पडलेल्या कॅन्सरच्या दवाखान्यातलं आणि पावडर होती सिझियम-१३७ ची, म्हणजे एक किरणोत्सारी क्षारच. चौघे दगावले. त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. पावडर लागलेल्या हातांनीच ती जेवली होती. १ लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. २४९ जणांच्या अंगावर, कपड्यांवर किंवा शरीरात सिझियम सापडलं.

माणसांवर उपचार सुरू झाले, पण घरांचं काय? फरशा, भिंती, छप्पर, अंगणातली माती, सगळीकडे ती पावडर बसलेली.

धुऊन टाकलं तर?

इथेच खरी अडचण आहे. कीटकनाशक किंवा इतर रासायनिक विष असेल तर त्याची मोडतोड करता येते. ब्लीचिंग पावडरसारख्या पदार्थाने रेणू फुटला की अनेक विषांचा जोर संपतो. किरणोत्सारी अणूचं तसं नाही. साबण लावा, उकळा, जाळा, तो किरण फेकतच राहतो. सिझियम-१३७ चा जोर निम्मा व्हायलाच ३० वर्षं लागतात. म्हणजे ते नष्ट करता येत नाही, फक्त एका जागेवरून उचलून दुसऱ्या सुरक्षित जागी नेता येतं. पाण्याने धुतलं तर ते सगळं पाणीच किरणोत्सारी कचरा बनतं, आणि गटारात गेलं तर मग बघायलाच नको.

रंगासारखं लावा, वाळलं की सोला

यावर निघालेला एक उपाय म्हणजे सोलून काढता येणारा लेप. फेव्हिकॉल बोटावर वाळवून त्याची साल काढायचा खेळ लहानपणी बहुतेकांनी केलेला असतो. तत्त्व तेच. घट्टसर द्रव ब्रशने, रोलरने किंवा फवाऱ्याने पृष्ठभागावर लावतात. तो बारीक खाचांमध्ये उतरतो आणि धूळ स्वतःत अडकवून घेतो. काही लेपांत किरणोत्सारी धातूंना घट्ट धरणारी रसायनंही मिसळलेली असतात. वाळला की प्लॅस्टिकच्या कागदासारखा सोलून, गुंडाळी करून पिंपात भरतात. हजारो लिटर गढूळ पाण्याऐवजी हातात येते एक कोरडी गुंडाळी. धूळही उडत नाही.

पण हा लेप म्हणजे जादू नव्हे. स्टील, टाईल्स अशा गुळगुळीत जागी तो चांगलं काम करतो. काँक्रीट आणि विटांत बारीक भोकं असतात, सिझियम पाण्याबरोबर आत मुरतं आणि वरचा लेप तिथवर पोचत नाही. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेने त्यासाठी वेगळी जेल तयार केली. ती आत मुरलेलं सिझियम बाहेर ओढते, मग जेल व्हॅक्यूमने ओढून घ्यायची. गोइयानियात तेव्हा अशी सोय नव्हती. काही घरं पाडावी लागली, माती खरवडून उचलावी लागली.

म्हणून अणुकेंद्रांत भिंतींना आधीच इपॉक्सीचा गुळगुळीत रंग देतात, म्हणजे सांडलं तरी मुरत नाही. लष्करी गाड्यांचंही तसंच. साधा रंग रासायनिक अस्त्राचं द्रव शोषून घेतो आणि नंतर तासन्‌तास वाफ सोडत राहतो. त्यासाठी न शोषणारे पॉलियुरेथेनचे रंग वापरले जातात. कातडीवर पडलेलं असं द्रव टिपून घ्यायला सैन्याच्या पेटीत मात्र साधी मातीच असते, आपल्या मुलतानी मातीच्या जातीची!

फवारणी करताना औषध अंगावर सांडलं तर माती शोधत बसू नका. भिजलेले कपडे लगेच काढा, कारण बरंचसं विष त्यांच्यातच असतं. अंग साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, आणि डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

भंगारात सापडलं तर

हे फक्त परदेशात घडतं असं समजू नका. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं यंत्र कापलं गेलं. दिल्ली विद्यापीठाने ते लिलावात विकलं होतं. एका कामगाराचा जीव गेला, बाकीचे आजारी पडले. कोबाल्ट हा धातू असल्याने तुकडे शोधून उचलता आले. पावडर असती तर निस्तरणं कितीतरी अवघड गेलं असतं.

गावोगावचं भंगार शेवटी अशाच बाजारांत जातं. पिवळ्या पाटीवर तीन पाती असलेलं पंख्यासारखं चिन्ह, किंवा लाल त्रिकोणात कवटी आणि पळणारा माणूस दिसला, तर ती वस्तू कापू नका, ठोकू नका, उचलूही नका. आकाराच्या मानाने फारच जड, शिसं भरलेलं डबडं असेल तरीही तेच. लांब सरकून उभे राहा, पोरांना जवळ फिरकू देऊ नका आणि ११२ वर फोन करा. हात लागलाच असेल तर खाणं, पाणी, तंबाखू, बिडी काहीही तोंडात घालण्याआधी हात साबणाने धुवा आणि मदतीला येणाऱ्यांना तसं स्पष्ट सांगा.