दोन मसुद्यांतला लाल-हिरवा हिशेब

जुन्या मसुद्यात वाक्य होतं, ‘समितीची बैठक पुण्यात रविवारी होईल.’ नव्यात आहे, ‘समितीची बैठक रविवारी पुण्याला होणार नाही.’ ब्राउझरमधलं तुलनेचं बटण दाबलं की ‘पुण्यात’ आणि ‘होईल’ लाल होऊन खोडले जातात, ‘पुण्याला’, ‘होणार’, ‘नाही’ हिरवे होतात. बाकीचे शब्द काळेच राहतात.

हिशेब साधा आहे. दोन्ही मजकुरांत त्याच क्रमाने येणारी शब्दांची सर्वांत लांब साखळी शोधायची. साखळीबाहेरचं जुन्यातलं ते गेलं, नव्यातलं ते आलं. मात्र पाच-पाच हजार शब्दांच्या दोन लेखांचा सरळ तक्ता मांडला तर अडीच कोटी घरं होतात आणि पान गोठतं. यूजीन मायर्स यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मेहनत फरकाच्या प्रमाणात वाढते. दुरुस्त्या मोजक्या असतील, आणि संपादनात बहुधा असतातच, तर उत्तर चटकन येतं.

बेल लॅब्जमधलं १९७०च्या दशकातलं ‘डिफ’ हे फरक शोधणारं साधन ओळी ताडून बघायचं. प्रोग्रॅमसाठी ते ठीक. लेखात अख्खा परिच्छेद ही एकच ओळ असते, त्यामुळे एक स्वल्पविराम हलला की सगळा परिच्छेद लाल! म्हणून शब्द पाडायचे. इथे देवनागरी घोळ घालते. जावास्क्रिप्टची शब्द ओळखण्याची जुनी खूण फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा जाणते. युनिकोडमधली ‘अक्षर’ ही जात मागितली तरी काना, मात्रा, उकार, हलन्त त्यात बसत नाहीत, आणि ‘पुण्यात’चे प, ण, य, त असे तुकडे हाती येतात. चिन्हांची जातही जोडीला घ्यावी लागते.

मग थेट अक्षरपातळीवर का जाऊ नये? ‘दिन’चा ‘दीन’ करून बघा. बदल फक्त वेलांटीचा. पण पहिली वेलांटी साठवलेली असते ‘द’नंतर आणि दिसते ‘द’च्या आधी. तिला एकटीला रंग लावायला गेलं की कधी ती सुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते. मराठीत अख्खा शब्द रंगवणंच बरं.

अतिहुशारीही नडते. वाक्य पूर्ण नव्याने लिहिलेलं असलं तरी साखळीला एखादा ‘आणि’, एखादा ‘तर’ सापडतोच. तो काळा, आजूबाजूला लाल-हिरव्याची भेळ, वाचणार काय? दोन मोठ्या बदलांमध्ये अडकलेला असा किरकोळ शब्द मी बदललेल्यांतच टाकतो. गणिताच्या दृष्टीने हे उत्तर लांबलचक, पण वाचणाऱ्याला तेच उमगतं.

सर्वांत चकवा देतो ‘दऱ्या’. त्यातला अर्धा र टाइप करायच्या दोन रीती आहेत, एकीत न दिसणारं जोडचिन्ह असतं. डोळ्यांना शब्द तोच, यंत्राला निराळा. युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरण या दोन्ही रूपांना एक करत नाही, ते आपणच तुलनेआधी करायचं.

अशी सोय बांधणाऱ्यांना एवढंच सांगणं, इंग्रजी नमुन्यावर चाचणी आटोपू नका. दऱ्याखोऱ्या असलेला एखादा मराठी परिच्छेद टाकून बघा. आणि रंगासोबत काट व अधोरेषा ठेवाच, कारण लाल आणि हिरवं सगळ्यांनाच वेगळं दिसत नाही.