खंडेनवमीच्या आदल्या दिवशी

पहाटे साडेपाचला धार लावायचा दगड पाण्यात टाकतो. बुडबुडे थांबेपर्यंत तो भिजलाच पाहिजे. उद्या खंडेनवमी. जबलपूरच्या मराठी घरांतून विळ्या-अडकित्ते पूजेला मांडले जातील. रांझीतल्या माझ्या ओट्यावर मात्र मोठी पाती आली आहेत: कोयते, नारळवाल्याचा सुरा आणि एक खुकरी.

सहाला ऊन आलं की आधी नुसतं बघायचं. पातं धार वर करून डोळ्यांसमोर धरतो. चांगली धार दिसतच नाही; जिथे बोथटली असेल तिथे उजेडाची पांढरी रेघ चमकते. त्या रेघेवरून दिवसाचं काम ठरतं.

सातला कानस. कोयत्याला दगड लागून दाते पडलेत, ते आधी काढायचे. कोयत्यावर कानस धरते, खुकरीच्या पोटावर घसरते. लोहार खुकरी लाल तापवून किटलीने फक्त धारेवर पाणी सोडतो, त्यामुळे धार कडक होते आणि पाठ मऊ राहते. घाव घालताना पातं म्हणूनच सहसा तुटत नाही. बऱ्याच खुकऱ्या ट्रकच्या कमानपाट्यातून घडतात. 1904 सालच्या आमच्या गन कॅरेज फॅक्टरीत 1959 पासून शक्तिमान ट्रक बनले. कमानपाट्याचं पोलाद काय ताकदीचं असतं हे इथे कुणाला सांगावं लागत नाही.

नऊला खुकरीवाले येतात, मुलाला घेऊन. जम्मू-काश्मीर रायफल्समधून निवृत्त. त्यांच्या रेजिमेंटचं सेंटर इथेच. "दादा, बाल उडने चाहिए," एवढंच म्हणतात. मुलगा विचारतो, चाकावर लावली तर पाच मिनिटांत होणार नाही का? होईल, पण कोरड्या चाकावर पातळ काठ क्षणात तापतो. साधारण 220 अंशांना पोलादावर पिवळसर झाक येते, 300 च्या आसपास निळी. निळी दिसली की तिथलं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही.

दहा ते एक दगडावर. दिवसाचा खरा भाग हाच. धारेलगतच्या उताराला मार्करची शाई लावतो आणि प्रत्येक बाजूने 20 ते 25 अंशांचा कोन धरून घासतो. शाई कुठून जाते ते पाहिलं की हात कुठे चुकतोय ते कळतं. खुकरीची धार मुठीकडे आत वळते, तिथे सपाट दगड पोचत नाही. गोल काठाचा दगड लागतो. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बारीक बर उठते. ती डोळ्यांना क्वचितच दिसते, पण अंगठा पाठीकडून धारेकडे सरकवला की कचकचते. मुठीपासून टोकापर्यंत सलग बर लागल्याशिवाय मी बाजू बदलत नाही. घाई करणारे नेमकी टोकाजवळ ती सोडतात.

जेवण, थोडं पडणं.

दोनला जाड चामड्यावर वॉटर पेपर: 400, 800, मग 1500. चामडं दबतं, त्यामुळे काठ किंचित फुगीर होतो. घाव घालणाऱ्या पात्याला तसाच हवा. पातं पाठीकडेच ओढायचं, उलट ढकललं तर कागद कापला जातो. शेवटी हिरवी पेस्ट लावलेली चामोटी. उरलीसुरली बर तिथे जाते.

चारला परीक्षा. मनगटावरचे केस अलगद उडाले, पण माझ्या लेखी ही अर्धीच परीक्षा. वाळक्या बाभळीच्या फांदीवर चार घाव घालतो आणि पुन्हा केसांवर लावतो. आता उडाले नाहीत, तर कोन फार पातळ झाला. दोन-तीन अंश वाढवून परत दगडावर. वस्तऱ्याइतकी पातळ धार लाकडावर मुडपते. कोयत्याला मी 400 वरच थांबतो. त्या जरा खरखरीत धारेनेही केस निघतात आणि ओल्या फांदीत ती छान शिरते.

सहाला बाप-लेक परत येतात. म्यानातल्या दोन छोट्या पात्यांतलं एक मुलाच्या हातात देतो. दुसरं, म्हणजे करडा, चाकू म्हणून वापरतात. ही बोथट चकमक. शोभेची नाही. धार किंचित मुडपली की ती हलक्या हाताने काठावर फिरवायची, दर वेळी दगड लागत नाही. पात्याला तेलाचा हात फिरवून सांगतो: पूजा झाली की कापडात गुंडाळून ठेव, चामड्याच्या म्यानात गंज धरतो. आणि खुकरी उपसताना म्यान पाठीच्या बाजूने धर, बोटं धारेच्या शिवणीवर नकोत. मुलगा दोनदा उपसून दाखवतो. दुसऱ्यांदा बोटं बरोबर पडतात.