गळाने मासेमारी करणाऱ्यांचे उन्हाळी सर्वेक्षण : लिंबागणेश परिसराच्या संदर्भात

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पास स्थान मिळाले आहे. बीड तालुक्यातील लिंबागणेश परिसराच्या तलावांवर गळ टाकणाऱ्यांचे सर्वेक्षण विद्यार्थ्यांना उन्हाळी सुट्टीत करता येण्याजोगे आहे. मासा कोणता, वजन किती, गळ किती तास टाकला, या नोंदींवरून दर तासाची पकड काढली जाते. मात्र येथेच सावधगिरी हवी. मे महिन्यात पाणी आटते, कटला, रोहू, मृगळ उरल्यासुरल्या पाण्यात एकवटतात व पकड वाढते. मासे वाढलेले नसतात. त्या आकड्यावर विसंबून मत्स्यबीज कमी सोडल्यास नुकसान मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासदांचे होते. म्हणून पाणीपातळीची नोंद अनिवार्य मानावी. रिकाम्या हाताने परतणाऱ्याचीही नोंद घ्यावी. त्याला वगळण्याचा मोह विद्यार्थ्यांना हमखास होतो.