हिवाळ्यात कपाटातील ओलावा व वस्त्रांचे रक्षण

मराठवाड्यातील शाळांत १ मे, १५ ऑगस्ट व १७ सप्टेंबर या दिवशी राष्ट्रध्वज फडकतो, आणि त्यानंतर बहुधा २६ जानेवारीपर्यंत तो कपाटात राहतो. १७ सप्टेंबर हा १९४८ च्या मुक्तिसंग्रामाच्या विजयाचा स्मृतिदिन आपल्या भागात भर पावसाच्या दिवसांत येतो. ध्वज भिजतो, सायंकाळी उतरविताना तो हाताला कोरडा लागतो, त्याची घडी होते, आणि चार महिन्यांनी ती घडी उलगडली म्हणजे पांढऱ्या पट्ट्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. खराब झालेला ध्वज लावू नये, असा २००२ च्या ध्वजसंहितेचा दंडक आहे. ते ठिपके घालविण्यासाठी तीव्र द्रव्य वापरावे, तर केशरी व हिरवा रंगही विटतो. जी गत ध्वजाची, तीच संमेलनासाठी जपून ठेवलेल्या पोशाखांची, आणि तीच आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी असलेल्या एकुलत्या एक स्वेटरची. तो स्वेटर पुन्हा विकत घेणे प्रत्येक घराला शक्य नसते. म्हणून हा विषय शिक्षकांनी नीट समजून घेण्याजोगा आहे.

सोनारी हे गाव परंडा तालुक्यातले, म्हणजे पर्जन्यछायेच्या प्रदेशातले. कोकणातील घरांत वस्त्रांना बुरशी लागते याचे कोणास नवल वाटत नाही; परंतु जेथे मार्गशीर्ष-पौषात ओठ फुटतात व टाचांना भेगा पडतात, तेथील बंद कपाटाला कुबट वास का यावा? हवा कोरडी असताना हा ओलावा येतो कोठून?

याचे उत्तर हवेच्या एका गुणात आहे. उष्ण हवेत पाण्याची वाफ पुष्कळ मावते, थंड हवेत थोडी मावते. २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम वाफ मावू शकते. तीच हवा १२ अंशांपर्यंत थंड झाली, तर पावणेअकरा ग्रॅमच मावते. आता हिवाळ्यातील एखाद्या दुपारी हवेत ८ ग्रॅम वाफ आहे असे धरू. तेव्हा हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे जितकी वाफ मावेल तिच्याशी प्रत्यक्ष असलेल्या वाफेचे प्रमाण, शेकडा ३० च्या आसपास भरते. पहाटे तापमान १२ अंशांवर आले की वाफेत एका थेंबाचीही भर न पडता हेच प्रमाण शेकडा ७५ वर जाते. शाळूच्या पानांवर जे दव सकाळी दिसते, ते याच नियमाने पडते. बुरशीला वाढण्यास साधारणपणे शेकडा ६५ ते ७० हून अधिक आर्द्रता बराच काळ टिकावी लागते. उघड्यावरच्या हवेत दुपार होताच प्रमाण खाली उतरते व बुरशीचा डाव मोडतो. बंद कपाटात मात्र दुपार कधी होतच नाही.

तरीही केवळ हवेतील वाफेने एवढी हानी होत नाही. खरा ओलावा वस्त्रांबरोबर आत जातो, आणि तो आपणच नेऊन ठेवतो. कापूस, रेशीम व लोकर हे तंतू हवेतील वाफ शोषून घेतात. लोकर तर स्वतःच्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश इतके पाणी सामावूनही हाताला ओली लागत नाही. यास्तव ‘हाताला कोरडे’ ही परीक्षा फसवी आहे. एक साधे गणित पाहा. नेहमीच्या लोखंडी कपाटात कपडे ठेवल्यावर उरणारी मोकळी जागा सुमारे अर्धा घनमीटर असते. २० अंशांना त्या हवेत नऊ ग्रॅमहून कमी वाफ मावते. अर्ध्या किलोच्या सुती लुगड्यात त्याच्या वजनाच्या एकदशांश इतका जादा ओलावा राहिला, तर ते ५० ग्रॅम पाणी झाले. ते हवेत मावत नाही. सबब शेजारच्या घड्यांत शिरते. एक अर्धवट वाळलेले वस्त्र संपूर्ण खण बिघडवते ते असे. हे गणित सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडण्यास उत्तम आहे.

वस्त्राचा कोणता भाग शेवटी वाळतो, हे पाहण्याची सवय मुलांना लावावी. कॉलर, नेफा, खिसे, दुमडलेल्या शिवणी हे भाग मागे राहतात. ध्वजाच्या बाबतीत दोरी ओवण्याची जाड पट्टी ओलावा धरून ठेवते, आणि दोरी तर सर्वांहून अधिक. तेव्हा दोरी निराळी काढून वाळवावी. ध्वज दुसऱ्या दिवशी हवेशीर सावलीत पसरावा, कारण कडक उन्हाने रंग उडतो. आणि पूर्ण वाळल्यावर धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळावा. प्लास्टिकच्या पिशवीत घातल्यास आत राहिलेला ओलावा बाहेर पडू शकत नाही.

कपाटाची जागाही महत्त्वाची आहे. माळवदाच्या जुन्या घरांत भिंती जाड असतात व त्या जमिनीतील ओल हळूहळू वर ओढतात. भिंतीतील फडताळ अशा वेळी पाठीमागून सर्दावते. न्हाणीच्या भिंतीला टेकलेले कपाट तर मुद्दाम ओलीत ठेवल्यासारखेच होय. पत्र्याच्या खोल्यांची गोष्ट वेगळी. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड होतो, आणि खोलीतील श्वासाची व चुलीवरच्या आधणाची वाफ त्याच्या खालच्या बाजूस थेंबांच्या रूपाने जमते. ते थेंब कपाटावर ठेवलेल्या बोचक्यांत पडतात व दोष मात्र उंदरांवर जातो. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, ट्रंक जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवावी, आणि खण ठासून भरू नयेत. घड्यांमधून हवा खेळली पाहिजे.

यापुढचा उपाय फुकटचा आहे, परंतु वेळ साधावी लागते. दुपारी बारा ते चार या वेळात हवा सर्वांत कोरडी असते. पंधरवड्यातून एकदा तेवढा वेळ कपाट सताड उघडावे व जाड वस्त्रे उन्हात पसरावीत. सकाळी घर झाडताना कपाट उघडून ठेवण्याची पुष्कळांची रीत आहे. ती वेळ नेमकी चुकीची, कारण तेव्हा बाहेरची हवाच दमट असते. पसरलेली वस्त्रे दिवस मावळण्यापूर्वी आत घ्यावीत. जेथे वानरांचा उपद्रव असेल, तेथे घरच्या एखाद्या मुलाला राखणीस बसवावे. मुले हे काम आनंदाने करतात.

घोंगडीविषयी निराळे सांगितले पाहिजे. हातमागावरील घोंगडीला चिंचोक्यांची खळ देतात. कसरीला पिष्टमय खळ आवडते व दमट जागा मानवते. लोकर खाणाऱ्या पतंगाच्या अळीला मात्र विशेष ओल लागत नाही; अंधार, स्वस्थता आणि लोकरीवर राहिलेले घामाचे व तेलाचे डाग तिला पुरतात. म्हणून घोंगडी नुसती कोरडी असून भागत नाही. ती झटकून, घासून, ऊन देऊन ठेवावी. वाकळीलाही हेच लागू आहे.

कपाटात ओल आहे की नाही, हे मीठ सांगू शकते. शुद्ध मीठ सुमारे शेकडा ७५ सापेक्ष आर्द्रतेला पाझरू लागते. शाळेच्या कपाटात बशीभर कोरडे, बारीक मीठ ठेवून मुलांनी दर सोमवारी पाहून नोंद करावी. मीठ भिजले, तर आर्द्रता बुरशीच्या मर्यादेपलीकडे गेली असे समजावे. खडेमिठात इतर क्षार असल्याने ते याआधीच ओलावते, म्हणून या प्रयोगास ते घेऊ नये.

ओल शोषणारे पदार्थ पुष्कळ सुचविले जातात. लाकडी कोळसा थोडीफार ओल घेतो व उन्हात तापवून पुन्हा वापरता येतो. पण त्याची शक्ती बेताची. निंबाचा पाला खडखडीत वाळलेला नसेल, तर तो उलट ओल आणतो. कळीचा चुना खरोखर प्रभावी आहे. तथापि पाणी लागताच तो तापतो, फुगतो, आणि डोळ्यांत गेल्यास कायमची इजा करतो. मुलांचा हात पोहोचेल अशा शाळेच्या कपाटात तो ठेवू नये, असेच मी म्हणेन. डांबराच्या गोळ्यांविषयी मोठा गैरसमज आहे. त्या कीटकांना दूर ठेवतात. ओल तिळमात्र कमी करीत नाहीत. शिवाय रक्तातील एका विशिष्ट विकराची जन्मजात उणीव असलेल्या बालकांत त्यांच्या वाफेने तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. तान्ह्या मुलांची अंगडी-टोपडी व दुपटी त्या गोळ्यांजवळ मुळीच ठेवू नयेत, आणि इतर कपडे अंगावर घेण्यापूर्वी दिवसभर वाऱ्यावर टाकावेत.