कोंकणकिनाऱ्याचे सात दिवस

अलिबाग ते मालवण हा ७ दिवसांचा मोटारप्रवास आंखतांना नुसते मैल मोजून भागत नाहीं. आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या खाड्या फेरीबोटीनें ओलांडाव्या. शेवटची फेरी हुकली कीं पलीकडचा मुक्काम हुकला.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यांत पायीं जाणें तर सर्वस्वीं ओहोटीच्या हातीं. कोळ्यांचा आडाखा असा : तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते, पुढें सहा तासांनीं ओहोटी. अष्टमीस भर दुपारीं ओहोटी येते खरी, पण ती भांगाची. पाणी पुरतें हटत नाहीं. पौर्णिमेनंतरची वद्य तृतीया धरावी. भरती सव्वादोनला, म्हणजे उधाणाची ओहोटी सकाळीं साडेआठच्या सुमारास. एरवीं पंचांगाची थट्टा करणाऱ्यांनींही येथें तें उघडावें! मग मुरुड, हर्णै, गुहागर, रत्नागिरी असे मुक्काम सावकाश मांडावे.