नाइट ऑफ द लिव्हिंग डेड : प्रेक्षक आणि समीक्षकांचा प्रतिसाद

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा १९६८ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन कृष्णधवल भयपट आहे. त्याचे दिग्दर्शन जॉर्ज ए. रोमेरो यांनी केले असून पटकथा रोमेरो आणि जॉन रूसो यांची आहे. पुन्हा उठून जिवंत माणसांना खाणाऱ्या मृतांची, म्हणजेच आज 'झॉम्बी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यांची, आधुनिक चित्रपटीय प्रतिमा या चित्रपटाने रूढ केली. प्रदर्शनाच्या वेळी त्याच्यावर विकृत आणि हीन अभिरुचीचा चित्रपट अशी टीका झाली. १९९९ साली मात्र त्याची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाली. एकाच कलाकृतीविषयीचे मत तीन दशकांत इतके का पालटले, हा चित्रपटाच्या अभ्यासातील महत्त्वाचा प्रश्न मानला जातो.

पार्श्वभूमी

'झॉम्बी' ही कल्पना मूळची हैतीच्या लोकसमजुतींतील आहे. तेथील झॉम्बी म्हणजे मांत्रिकाने उठवलेले, स्वतःची इच्छा नसलेले आणि दुसऱ्याच्या हुकमाने राबणारे प्रेत होय. गुलामगिरीच्या अनुभवाशी या समजुतीचे नाते जोडले जाते. १९३२ सालच्या 'व्हाइट झॉम्बी' या चित्रपटातील झॉम्बी याच स्वरूपाचा होता. रोमेरो यांनी मांत्रिक वगळला. त्यांच्या चित्रपटातील मृतांना मालक नाही आणि हेतूही नाही. त्यांना केवळ भूक आहे. या कल्पनेमागे रिचर्ड मॅथसन यांच्या 'आय ॲम लीजेंड' या १९५४ सालच्या कादंबरीची प्रेरणा असल्याचे रोमेरो यांनी मान्य केले होते. उल्लेखनीय बाब म्हणजे चित्रपटात 'झॉम्बी' हा शब्द कोठेही उच्चारला जात नाही. ती ओळख प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी नंतर दिली.

रोमेरो आणि त्यांचे सहकारी पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट तयार करीत असत. १० जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घालून 'इमेज टेन' ही निर्मितीसंस्था उभी केली आणि पुढे अन्य गुंतवणूकदार मिळून एकूण खर्च सुमारे १,१४,००० डॉलरपर्यंत गेला. चित्रीकरण प्रामुख्याने १९६७ साली पेन्सिल्व्हेनिया राज्यातील इव्हान्स सिटीच्या परिसरात झाले. पडद्यावरील रक्तासाठी चॉकलेटचा पाक वापरण्यात आला. कृष्णधवल चित्रणामुळे तो खरा भासला.

कथानक

बार्ब्रा आणि जॉनी ही भावंडे वडिलांच्या थडग्यावर फुले वाहण्यास येतात. तेथे एक अनोळखी माणूस त्यांच्यावर हल्ला करतो आणि जॉनी मारला जातो. बार्ब्रा पळून एका ओस शेतघरात आश्रय घेते. तेथे बेन नावाचा तरुण येतो व दारे-खिडक्यांना फळ्या ठोकू लागतो. घराच्या तळघरात हॅरी कूपर, त्याची पत्नी हेलन, त्यांची जखमी मुलगी कॅरन आणि टॉम-ज्युडी हे तरुण जोडपे लपलेले असते. सर्वांनी तळघरातच दार लावून बसावे, असा कूपरचा आग्रह असतो. तळघर म्हणजे सापळा आहे, असे बेनचे म्हणणे असते. या वादात एकजूट होत नाही. पळून जाण्याचा प्रयत्न फसतो आणि एकेक जण मरतो. रात्र संपताना केवळ बेन जिवंत राहतो, आणि तोही अखेरीस त्याच तळघरात शिरल्यामुळे. सकाळी मृतांचा नायनाट करीत आलेली सशस्त्र टोळी त्यालाही मृतांपैकी एक समजून गोळी घालते. त्याचे प्रेत चितेवर टाकले जात असल्याच्या स्थिरचित्रांनी चित्रपट संपतो.

प्रथम प्रदर्शन आणि प्रेक्षकांची प्रतिक्रिया

चित्रपटाचा पहिला खेळ १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गमधील फुल्टन चित्रपटगृहात झाला. अमेरिकेत वयानुसार चित्रपटांचे वर्गीकरण करणारी पद्धत १ नोव्हेंबर १९६८ पासून लागू झाली. म्हणजेच हा चित्रपट तिच्या अवघा एक महिना आधी आला. त्या काळी भयपट हे सुट्टीच्या दिवशी दुपारी मुलांनी पाहावयाचे करमणुकीचे साधन मानले जाई. रबरी मुखवट्यांचे राक्षस आणि शेवटी हमखास होणारा त्यांचा पराभव, अशी या प्रकाराची सर्वसाधारण अपेक्षा होती. त्यामुळे या चित्रपटाच्या दुपारच्या खेळांनाही लहान मुले येऊन बसत.

अशाच एका खेळाचे वर्णन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी जानेवारी १९६९ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये केले. आरंभी हसत-ओरडत असलेली मुले हळूहळू गप्प झाली, काही रडू लागली आणि नायकच मारला गेल्यावर त्यांना काय करावे ते सुचेना, असे त्यांनी नोंदविले. हा लेख नंतर 'रीडर्स डायजेस्ट'मध्येही प्रसिद्ध झाला आणि चित्रपटाच्या बदनामीबरोबरच त्याच्या प्रसिद्धीसही कारणीभूत ठरला. ईबर्ट यांचा मुख्य रोख चित्रपटाच्या गुणवत्तेवर नव्हता, तर मुलांना असा चित्रपट पाहू देणाऱ्या चित्रपटगृहांवर आणि पालकांवर होता. पुढील काळात चित्रपटाविषयीचे त्यांचे मत अनुकूल होते.

'व्हरायटी' या व्यवसायपत्राची टीका याहून कठोर होती. निर्माते, वितरक आणि तो दाखविणारे चित्रपटगृहचालक या सर्वांच्या नैतिक जबाबदारीवर तिने प्रश्नचिन्ह लावले. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने त्रोटक परीक्षणात तो हौशी नटांचा किरकोळ चित्रपट असल्याचे सुचवून विषय संपविला.

मतपरिवर्तन

समीक्षकांचा विरोध असूनही प्रेक्षक येत राहिले. शहरांतील मध्यरात्रीच्या खेळांना तरुणांची गर्दी होऊ लागली व काही चित्रपटगृहांत तो दीर्घकाळ चालला. जगभरातील त्याचे उत्पन्न सुमारे ३ कोटी डॉलर असल्याचे सांगितले जाते. युरोपातील, विशेषतः फ्रान्समधील, चित्रपटविषयक नियतकालिकांनी त्याची गांभीर्याने दखल घेतली. १९७० साली न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तो दाखविण्यात आला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००१ मध्ये केलेल्या १०० थरारपटांच्या यादीत त्याला ९३ वे स्थान मिळाले.

हे मतपरिवर्तन केवळ काळाच्या ओघात झाले नाही. चित्रपट जसाच्या तसा राहिला, पण त्याकडे पाहण्याची चौकट बदलली. मुलांच्या करमणुकीच्या अपेक्षेने पाहिल्यास त्याचा शेवट क्रूर आणि निरर्थक वाटतो. व्हिएतनाम युद्ध, वांशिक दंगली आणि राजकीय हत्या यांनी ग्रासलेल्या १९६८ सालच्या अमेरिकेचे चित्र म्हणून पाहिल्यास तोच शेवट अपरिहार्य वाटतो.

वादाचे प्रमुख मुद्दे

बेनची भूमिका. बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याने केली आहे. त्या काळातील भयपटात कृष्णवर्णीय नायक असणे आणि इतरांनी त्याच्या वर्णाचा एकदाही उल्लेख न करणे, या दोन्ही गोष्टी असाधारण होत्या. निवडचाचणीत जोन्स सर्वांत सरस ठरले म्हणून त्यांना भूमिका दिली, त्यामागे अन्य हेतू नव्हता, असे रोमेरो सांगत असत. मूळ पटकथेतील बेन हा रांगडा ट्रकचालक होता. जोन्स यांनी संवादांत बदल करून त्याला संयत, सुशिक्षित व्यक्तीचे रूप दिले. तथापि प्रेक्षकांनी पाहिले ते निराळेच. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली होती. श्वेतवर्णीयांच्या सशस्त्र टोळीने विचारपूस न करता बेनला गोळी घालणे आणि त्याचे प्रेत आकड्यांनी ओढून नेणे, या दृश्यांत अनेकांना झुंडीने केलेल्या वांशिक हत्यांची छायाचित्रे आठवली. निर्मात्याच्या हेतूपलीकडे जाऊन प्रेक्षक अर्थ घडवितात, याचे उदाहरण म्हणून हा मुद्दा अभ्यासक मांडतात.

तळघराचा प्रश्न. बेन बरोबर की कूपर, हा वाद चित्रपटाच्या चाहत्यांत आजही चालतो. बेन शूर आणि कृतिशील असल्याने सहानुभूती त्याच्याकडे जाते, पण घटनाक्रम कूपरच्या बाजूने साक्ष देतो. बेन वाचतो तो तळघरामुळेच. याउलट, तळघरात कॅरनच मृत होऊन उठते आणि आपल्या आईला ठार मारते, त्यामुळे कूपरची योजनाही सुरक्षित नव्हती, असा प्रतिवाद केला जातो. दोन्ही योजनांपेक्षा माणसांतील फूट अधिक घातक ठरते, हे मत सर्वाधिक मान्य आहे.

बार्ब्राचे पात्र. बार्ब्रा कथेच्या आरंभी प्रमुख पात्र वाटते, पण भावाच्या मृत्यूनंतर ती बहुतांश वेळ सुन्न बसून असते. स्त्रीपात्र दुबळे रंगविल्याची टीका यावरून झाली. मोठ्या आघातानंतरची ती वास्तव प्रतिक्रिया आहे, असे दुसरा पक्ष म्हणतो. रोमेरो यांच्याच पटकथेवरून टॉम सॅव्हिनी यांनी १९९० साली केलेल्या पुनर्निर्मितीत हे पात्र लढाऊ आणि खंबीर दाखविण्यात आले.

स्वामित्वहक्क आणि प्रसार

चित्रपटाचे आधीचे नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' असे होते. वितरकाने नाव बदलताना नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची सूचना घालण्याचे राहून गेले. तत्कालीन अमेरिकन कायद्यानुसार अशी सूचना नसल्यास हक्क नष्ट होत असे. परिणामी चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. निर्मात्यांना यामुळे मोठ्या उत्पन्नास मुकावे लागले. दुसरीकडे, कोणतीही दूरचित्रवाणी वाहिनी किंवा चित्रफीत कंपनी तो विनामूल्य वापरू शकत असल्याने तो सर्वत्र पोहोचला. अनेक पिढ्यांनी तो खराब, पुसट प्रतींतून पाहिला. १९८६ साली त्याची रंगीत केलेली आवृत्ती आली, तर १९९० च्या दशकाच्या अखेरीस नवी दृश्ये जोडलेली आवृत्ती निघाली. ही जोडणी चाहत्यांना रुचली नाही. मूळ फितीवरून केलेली जीर्णोद्धारित प्रत २०१६ साली आधुनिक कला संग्रहालयात दाखविण्यात आली.

भारतीय आणि मराठी संदर्भ

मराठी लोकसमजुतींत मृतांचे पुनरागमन बहुधा देहाविना होते. दहनाची रीत असलेल्या समाजांत उठून चालू लागेल असे प्रेतच मागे उरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडसारख्या गावांत लिंगायत आणि मुस्लिम समाजांतील दफनाची व अन्य समाजांतील दहनाची रीत शेजारी-शेजारी आढळते. तरीही तेथील भूत, समंध, हडळ, मुंजा या कल्पनांत अतृप्त वासना हाच मुख्य धागा आहे. मुंजा पिंपळावर राहतो तो मुंजीनंतर, सोडमुंजीपूर्वी मरण आल्यामुळे; हडळ छळते तिच्या अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यामुळे. म्हणजेच भुताला कारण असते आणि कारण असल्यामुळे त्यावर उतारा, शांती किंवा तडजोड संभवते. प्रेतात शिरणारा 'वेताळपंचविशी'तील वेताळ झॉम्बीच्या अधिक जवळचा वाटतो, पण तोही राजाशी संवाद करतो आणि कोडी घालतो. रोमेरो यांच्या मृतांशी बोलता येत नाही. भूतकथांवर पोसलेल्या प्रेक्षकाला हा चित्रपट प्रथमदर्शनी कोरडा वाटू शकतो किंवा, उलटपक्षी, अधिक भयावह वाटू शकतो, तो या फरकामुळे.

हाच फरक हिंदी भयपटांतही दिसतो. रामसे बंधूंच्या १९७२ सालच्या 'दो गज जमीन के नीचे' या चित्रपटाचे चित्रीकरण महाबळेश्वर येथे झाले होते. त्यात पुरलेला माणूस परततो तो आपल्या खुनाचा सूड घेण्यासाठी. हेतुशून्य झॉम्बी हिंदी पडद्यावर ठळकपणे आला तो २०१३ साली. त्या वर्षी एप्रिलमध्ये 'राइज ऑफ द झॉम्बी' आणि मे महिन्यात गोव्याच्या पार्श्वभूमीवरील 'गो गोवा गॉन' हा विनोदी भयपट प्रदर्शित झाला.

मराठीतील पहिला झॉम्बीपट म्हणून ओळखला जाणारा 'झोंबिवली' २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित या चित्रपटात अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या प्रमुख भूमिका आहेत. नावातच डोंबिवलीवर कोटी असलेल्या या चित्रपटात उंच इमारतींचे नवे संकुल आणि त्यालगतची वस्ती यांच्यातील विषमता हा विषय आहे. कोविड-१९ च्या निर्बंधांमुळे त्या वेळी महाराष्ट्रातील चित्रपटगृहांना निम्म्या आसनक्षमतेचीच परवानगी होती. विनोदाचा आधार, ओळखीचा परिसर आणि सामाजिक प्रश्न ही त्याची वैशिष्ट्ये रोमेरो यांच्या परंपरेशी नाते सांगतात. झॉम्बी बाहेर असला तरी संकट माणसांच्या आपसांतील संबंधांत असते, हे सूत्र दोहोंत समान आहे. सरपोतदार यांनीच पुढे २०२४ साली 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट कोकणातील लोकसमजुतीवर केला.

प्रभाव

रोमेरो यांनी 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) आणि 'डे ऑफ द डेड' (१९८५) या चित्रपटांतून ही कल्पना पुढे नेली. मंद चालीचे मृत, चाव्यातून पसरणारी बाधा, मेंदूवर आघात हाच उपाय आणि बंदिस्त जागेत अडकलेला विसंवादी गट हे या प्रकाराचे संकेत पुढील चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका आणि व्हिडिओ खेळांनी स्वीकारले. रोमेरो यांचे १६ जुलै २०१७ रोजी निधन झाले. ज्या चित्रपटाने १९६८ साली चित्रपटगृहात बसलेल्या मुलांना रडविले, तो आज चित्रपटशिक्षणात अभ्यासला जातो. आणि बेनला गोळी घालण्यापूर्वी कोणी हाक का मारली नाही, हा प्रश्न नव्या प्रेक्षकांसमोर तितकाच अनुत्तरित उभा राहतो.